दारावरची खडूची खूण

पल्स पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस वस्तीतल्या दारांवर किंवा दाराशेजारच्या भिंतीवर खडूने काहीतरी लिहिलेले दिसते. घरोघरी फिरणाऱ्या ताई ते लिहून जातात. त्यात तारीख असते, घराचा क्रमांक असतो आणि इंग्रजी 'पी' नाहीतर 'एक्स' असतो. 'पी' म्हणजे या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला. 'एक्स' म्हणजे कोणीतरी मूल राहिले. घर बंद असेल, मूल मामाकडे गेले असेल किंवा घरच्यांनीच नको म्हटले असेल. 'एक्स' असलेल्या दारी ताईंना पुन्हा यावे लागते, तो 'पी' होईपर्यंत.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे काम तोंडात घातलेल्या दोन थेंबांनी झाले, आणि दारावरच्या या खुणांनीही झाले. कोणते मूल राहिले हे कळलेच नसते, तर थेंब त्याच्यापर्यंत पोहोचलेच नसते.

आपण 'आरोग्य खाते' म्हणजे सरकारी दवाखाना समजतो. केसपेपर, रांग, डॉक्टर आणि गोळ्या. ते काम आहेच. पण त्या खात्याचे दुसरे मोठे काम दवाखान्याच्या बाहेर, आपल्या गल्लीत चालते. मोजणे, लिहून ठेवणे, आणि आकडा वाढला की त्या जागी जाणे. आधी नर्स म्हणून आणि आता कार्यकर्ती म्हणून मी हे काम दोन्ही बाजूंनी पाहते. एक गोष्ट मला वारंवार दिसते. जिथली नोंद होते, तिथे खाते येते. जिथली नोंद होत नाही, ती वस्ती खात्याच्या कागदावर निरोगीच असते, मग घरोघरी माणसे तापाने फणफणत का असेनात. म्हणून या वेळी आरोग्य खात्याचे रोजचे काम समजून घेऊ आणि त्यात आपली नोंद कशी पक्की करायची तेही पाहू.

आपल्या वस्तीचे आरोग्य कोणाकडे?

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभाग हे राज्य सरकारचे खाते. पण प्रत्यक्ष काम कोणामार्फत चालते, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरते.

गावात सगळ्यांत जवळ आशाताई. तिच्यावर उपकेंद्र. सपाट भागात साधारण ५ हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. तिथे आरोग्य सेविका असते, जिला आपण सिस्टर म्हणतो. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ३० हजार किंवा २० हजार लोकसंख्येमागे एक. त्यावर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेत बसणारे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो.

शहरात हे काम महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र, आणि वस्तीत दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा, असा राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष आहे. पुण्याचे ससून, मुंबईचे जे. जे. किंवा नागपूरचे मेडिकल ही मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याची. तिथे उपचार होतील, पण गल्लीतल्या डासांची तक्रार तिथे नेऊन उपयोग नाही.

'तुमची झोपडपट्टी घोषित नाही, म्हणून आमच्या यादीत नाही,' असे कोणी म्हणाले तर गप्प बसू नका. नागरी आरोग्य अभियानात घोषित आणि अघोषित, दोन्ही वस्त्या धरायच्या आहेत. जागेचा वाद महसुलाचा किंवा पालिकेचा असेल. लस, ताप आणि बाळंतपण त्या वादात अडकवता येत नाही.

ताप मोजला जातो, पण कोणाचा?

आरोग्य सेवक घरोघरी येतो आणि विचारतो, 'कोणाला ताप आहे का?' आपण म्हणतो, 'नाही हो, सगळे बरे आहेत.' आत मुलगा पांघरूण घेऊन झोपलेला असतो. त्याला काल कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सुई दिलेली असते, म्हणून विषय संपला असे आपल्याला वाटते.

तो माणूस हा प्रश्न का विचारतो? ताप, जुलाब, खोकला, कावीळ, पुरळ असे किती रुग्ण कुठे आहेत, हे गोळा करून वर कळवण्याची देशभर एक पद्धत आहे. २००४ साली ती एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम म्हणून सुरू झाली. आता ही माहिती संगणकावर भरतात. गावातला कर्मचारी लक्षणे कळवतो, डॉक्टर संशयित आजार कळवतात आणि प्रयोगशाळा तपासणीत सापडलेले रुग्ण कळवते. एकाच गल्लीत चार-पाच तापाचे रुग्ण दिसले की तिथे पथक पाठवायचे असते. रक्ताचे नमुने, डासांच्या अळ्यांची पाहणी, पाण्याची तपासणी आणि उपचार हे सगळे त्यानंतर सुरू होते.

म्हणजे ही साखळी पहिल्या कडीवर उभी आहे. आपण 'नाही' म्हटले की पहिलीच कडी तुटते.

यात आणखी एक अडचण आहे. खाजगी दवाखान्यात डेंगीची झटपट कार्ड टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली की आपण म्हणतो, डेंगी झाला. सरकारी नोंदीत मात्र तो संशयित रुग्ण असतो. पक्के निदान एलायझा नावाच्या तपासणीने होते. ती ठरवून दिलेल्या सरकारी प्रयोगशाळांत मोफत असते. ताप येऊन पाच दिवसांच्या आत असेल तर एनएस-वन तपासतात, त्यानंतर आयजीएम. म्हणून कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तो कागद आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात दाखवा आणि 'नमुना एलायझासाठी पाठवा' असे स्पष्ट सांगा.

डेंगीच्या संशयात ताप उतरण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या किंवा त्यांच्या सुया घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरू लागतो तो तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा काळ खरा जोखमीचा असतो. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती, हातपाय गार पडणे यांतले एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नका, रुग्णालय गाठा.

हिवतापासाठी बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतात. त्याला नाही म्हणू नका. व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला तर ताप गेल्यावरही १४ दिवसांच्या गोळ्या पूर्ण कराव्या लागतात. नाहीतर यकृतात दडलेला जंतू काही आठवड्यांनी पुन्हा डोके वर काढतो. मात्र या गोळ्या गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर आधी सांगा.

एका शहरी वस्तीतला अनुभव सांगते. पावसाळ्यात एका गल्लीत घरोघरी ताप होता. सगळे दोन खाजगी डॉक्टरांकडे जात होते. आरोग्य केंद्रात विचारले तर तिथे त्या गल्लीतला एकच रुग्ण लिहिलेला. मग तिथल्या चार बायकांनी शाळेची वही घेतली आणि दार ठोठावून यादी केली. नाव, वय, घर, ताप कधी आला, कोणाकडे दाखवले, आता कसे आहे, एवढेच रकाने. यादीत तेवीस नावे झाली. ती वही घेऊन त्या केंद्रात गेल्या. दुसऱ्या दिवशी पथक आले. अर्धवट बांधलेल्या एका इमारतीच्या तळघरात साठलेल्या पाण्यात अळ्याच अळ्या सापडल्या. त्या बायकांपैकी दोघी चौथीच्या पुढे शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी केले ते आरोग्य खात्याचेच काम होते, आणि तेवीस नावांची यादी समोर आल्यावर खात्याला नाही म्हणता आले नाही.

धूर दिसतो, अळ्या दिसत नाहीत

वस्तीत डास वाढले की आपली पहिली मागणी असते, 'धूर फवारणी करा.' नगरसेवकही ती लगेच करून देतात, कारण धूर सगळ्यांना दिसतो. पण धुराने उडणारे डास मरतात. ड्रममधल्या अळ्यांना त्याचे काही होत नाही. साधारण आठवडा ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणजे आज धूर केला तरी पुढच्या आठवड्यात नवे डास हजर.

म्हणून मलेरिया विभागाचा कर्मचारी टॉर्च घेऊन ड्रममध्ये डोकावतो. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ड्रम, रांजण, कूलर, फ्रीजच्या मागचा ट्रे, टायर, छतावर टाकलेला प्लास्टिकचा कागद, सगळीकडे. शंभर घरे पाहिली तर किती घरांत अळ्या सापडल्या, याचा आकडा काढतात. त्याला घर निर्देशांक म्हणतात. तो वाढला की साथ जवळ आली असे समजायचे. रिकामे करता न येणाऱ्या पाण्यात तो ॲबेट नावाचे औषध टाकतो, कुठे गप्पी मासे सोडतो.

आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा हे आपण ऐकतो. त्यात एक गोष्ट राहून जाते. या डासाची अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी नसतानाही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून ड्रम नुसता उपडा करून चालत नाही. आतून ब्रशने घासायचा, आणि भरल्यावर कापडाने घट्ट बांधायचा.

हेही तितकेच खरे की ड्रम आपण हौसेने भरत नाही. नळाला रोज पाणी आले तर घरात चार ड्रम कोण ठेवील? कर्मचारी नोटीस काढतो तेव्हा त्याला शांतपणे विचारा, 'आमच्याकडे पाणी किती दिवसांआड येते, हे तुमच्या अहवालात लिहिता का?' डास हा आरोग्य विभागाचा विषय आणि पाणीपुरवठा दुसऱ्या विभागाचा. दोघांच्या मधल्या फटीत आपण राहतो. म्हणून ही गोष्ट लेखी मांडली पाहिजे.

बाटलीत भरलेले पाणी कुठे जाते?

आरोग्य विभाग पाइप टाकत नाही आणि गटारही दुरुस्त करत नाही. ते काम ग्रामपंचायतीचे किंवा पालिकेच्या पाणी विभागाचे. आरोग्य विभाग तपासतो आणि कळवतो. त्याच्या एका कागदाने मात्र बरेच हलते.

पहिली तपासणी नळावरच होते. थोड्या पाण्यात ओ.टी. औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवे. रंगच आला नाही तर पाणी शुद्ध करायचे राहून गेले किंवा वाटेत घाण मिसळून क्लोरीन संपले. ही तपासणी जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला व्हायला हवी, आणि ते टोक बहुतेक वेळा आपल्याच वस्तीत असते. टाकीजवळच्या नळाचा निकाल चांगला आला म्हणून आपल्या गल्लीचे पाणी चांगले ठरत नाही.

असे का होते? पाणी सुटलेले असते तेव्हा पाइपमध्ये दाब असतो. पाणी बंद झाले की दाब जातो. पाइप गटारातून गेला असेल आणि कुठे फट असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की तेच आधी घरात येते. म्हणून पहिले गढूळ, वासाचे पाणी पिण्यासाठी भरू नका.

दुसरी तपासणी प्रयोगशाळेत. निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन तो २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. त्यात विष्ठेतले जंतू आहेत का ते पाहतात. अहवालात 'पिण्यास अयोग्य' आले तर ते पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेला कळवायचे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा नमुना घ्यायचा. तो अहवाल मागायचा आपल्याला हक्क आहे.

गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत किंवा विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतो. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. आपल्या गावाला कोणते कार्ड आहे हे ग्रामसभेत विचारा. आपल्या वस्तीची वेगळी विहीर किंवा हातपंप असेल तर 'त्याची पाहणी झाली का?' हा प्रश्न आवर्जून विचारा.

वस्तीत एकाच वेळी दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी आशाताईला कळवा. तिच्याकडे ओआरएसची पाकिटे असतात. लहान मुलाला ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. तोवर पाणी उकळून किंवा मेडिक्लोरचे थेंब टाकून प्या. बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा.

यादीत नसलेले मूल

लसीकरणाचे सत्र आकाशातून पडत नाही. आशाताई आणि सिस्टर आधी घरांची मोजणी करतात. गरोदर बाया किती, वर्षाखालची मुले किती, कोणाचा कोणता डोस राहिला. त्यावरून किती लसी आणायच्या, सत्र कुठे आणि कधी घ्यायचे हे ठरते. मोजणीच्या वेळी ज्यांचे घर सुटले, त्यांच्या मुलांसाठी लस मागवलीच जात नाही. कोण सुटते? नुकतेच भाड्याने आलेले, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला गेलेले, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारे, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली. गोवंडीसारख्या दाटीच्या भागात मुले दगावली. करोनाच्या काळात अनेक मुलांचे डोस राहून गेले होते. साथ आल्यावर पालिकेने घरोघरी पाहणी केली आणि जादा डोस दिले. तेच काम साथीच्या आधी पूर्ण झाले असते तर काही मुले वाचली असती. गोवराची लस मूल ९ महिन्यांचे झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, अशी दोनदा मिळते. मोफत मिळते. बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड काढून आजच बघा. एक डोस राहिला असेल तर 'आता उशीर झाला' असे समजू नका, सिस्टरला कार्ड दाखवा.

टीबी लपवला तर

२०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे, खाजगी डॉक्टरांनाही. आपल्याला वाटते, नाव गेले की बदनामी झाली, मुलीचे लग्न मोडले. प्रत्यक्षात नाव गेल्यावर चार गोष्टी सुरू होतात. औषधे मोफत मिळतात. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते तपासले जाते. घरातल्या बाकीच्यांची तपासणी होते आणि गरज असेल तर त्यांना आजार होऊ नये म्हणून औषध मिळते. आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे बँक खात्यात येतात. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १ हजार रुपये झाले. यासाठी खात्याची माहिती नीट भरून घ्या.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे असे काही असेल तर थुंकी तपासा. साधा टीबी बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. लपवलेला टीबी मात्र दहा बाय दहाच्या खोलीत आधी आपल्याच लेकरांना धरतो.

लपवण्याची ही सवय आजची नाही. १८९७ साली मुंबई-पुण्यात प्लेग असताना इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. पुण्यात सैनिक घराघरांत शिरून झडती घेत, रोग्यांना ओढून नेत. लोक भीतीने रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोगी आणत. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दारात येणाऱ्याची भीती वाटली तर लोक दार बंद करतात, माया वाटली तर उघडतात. हे खात्याच्या कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आणि आपणही लक्षात ठेवावे की आज दारात येणारी आशाताई सैनिक नाही. ती बहुधा आपल्याच वस्तीतली बाई आहे, आणि तिला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला मिळतो. तिच्यावर खेकसू नका.

शेवटची नोंद

जन्म आणि मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवायचे असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवी दुरुस्ती लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, मतदार यादी, सरकारी नोकरी यांसाठी जन्माचा दाखलाच लागणार आहे. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद घरच्यांनीच करायची असते. वर्षाहून जास्त उशीर झाला तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत खेटे घालावे लागतात.

मृत्यूच्या नोंदीत आपण दाखल्यापुरते बघतो, कारण बघत नाही. 'हार्ट बंद पडले' हे कारण नव्हे, हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. कशामुळे बंद पडले, ते कारण. रुग्णालयात मृत्यू झाला तर कारणाचे प्रमाणपत्र जवळच्या नातेवाइकाला देणे आता कायद्याने बंधनकारक आहे. ते मागून घ्या. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत बाई दगावली तर त्या मृत्यूची चौकशी होते. सिस्टर घरी येऊन विचारते, गाडी कधी मिळाली, कुठून कुठे पाठवले, किती वेळ गेला. दुःखात नकोसे वाटते, पण सगळे सांगा. पुढच्या बाईसाठी काय बदलायचे ते यातूनच कळते.

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरून माणूस गेला तर शवविच्छेदन आणि पोलीस नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आहे. कागदावर 'आकस्मिक' एवढेच लिहिले गेले तर ते घर त्या भरपाईसाठी वर्षानुवर्षे चकरा मारत राहते.

या महिन्यात एवढे करा

१. आपली आशाताई, सिस्टर आणि आरोग्य केंद्र कोणते, त्यांचे फोन आणि लसीकरणाचा वार मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या फलकावर लावा.

२. वस्तीतल्या घरांची एक वही करा. गरोदर बाया, पाच वर्षांखालची मुले, नुकतीच आलेली कुटुंबे. आशाताईच्या यादीशी ती ताडून बघा. जे घर तिच्या यादीत नाही ते तिला दाखवा.

३. ताप किंवा जुलाबाचे तीनहून जास्त रुग्ण एका गल्लीत दिसले की वर सांगितल्यासारखी यादी करा आणि केंद्रात नेऊन द्या. एक प्रत आपल्याजवळ ठेवा, तिच्यावर तारखेसह पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते, पोच असलेला कागद फाइलला लागतो.

४. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला वर्षाला १० हजार रुपयांचा मुक्त निधी असतो. शहरी वस्तीत महिला आरोग्य समिती असते, तिला ५ हजार. आपल्याकडची समिती कोणाची, बैठक कधी झाली, पैसे कशावर गेले ते विचारा. समितीत आपली बाई नसेल तर नाव सुचवा.

५. पाण्याचा शेवटचा नमुना कधी घेतला आणि निकाल काय आला, हे लेखी मागा. नाही मिळाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

६. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. कोणी मागितले तर पावती मागा. आरोग्य सल्ल्यासाठी आणि तक्रारीसाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, ती द्यायलाच हवीत. त्या निवेदनासोबत नावांची आणि तारखांची यादी जोडली तर त्याचे वजन वाढते. उद्या टॉर्च, बाटली किंवा वही घेऊन कोणी दारात आले तर त्यांना आत बोलवा, खरे ते सांगा, आणि जाताना विचारा, 'ताई, आमची नोंद कुठे गेली, आणि तुम्ही परत कधी येणार?'